पानाचा सहावा अर्थ

"मॅडम, दोन्ही आवाज तुमचेच आहेत," आमचे टीमप्रमुख रघु सर म्हणाले.

मी मान खाली घातली. लबाडी पकडली गेली होती.

बेंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीत मी मराठीचं काम बघते. मोबाइलला आपलं बोलणं कळावं म्हणून आम्ही एकेका शब्दाचे अर्थ नोंदवतो. प्रत्येक अर्थाला दोन माणसांच्या बोलण्याचे नमुने लागतात, त्यांना सॅम्पल म्हणतात. बोलणं सहज हवं. वाचून दाखवलेलं, पढवलेलं चालत नाही. एक आवाज माझा, दुसरा पुण्याहून आलेल्या रेकॉर्डिंगमधून शोधायचा. टीममध्ये मराठी मी एकटीच.

त्या आठवड्यात 'पान' आलं. संस्कृतातलं 'पर्ण', प्राकृतात 'पण्ण', आपल्या तोंडी पान. झाडाचं पान, विड्याचं पान. पूर्वी ताडाच्या पानांवर लिहायचे, म्हणून पोथीचंही पान. पत्त्यातलं पान. साप चावला तरी 'पान लागलं' म्हणतात, सापाचं नाव कोण घेणार! पाच अर्थ निघाले. सहावा अडला, तो जेवणाचा. केळीची पानं गेली, स्टीलची ताटं आली, तरी आपण पानंच मांडतो. पण पुण्याच्या रेकॉर्डिंगमध्ये सगळे 'प्लेट लावू का' म्हणत होते.

आई जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून 'पान घेतलंय' असं मला कुणी म्हटलेलं नाही. फ्लॅटमध्ये मी ओट्याशी उभी राहूनच जेवते. टेबलावर एकटीचं ताट बघवत नाही. हा अर्थ यादीतून जाऊ द्यायचा नाही, असा हट्टच धरला मी. म्हणून नाक दाबून, म्हातारीचा आवाज काढून दुसरं सॅम्पल स्वतःच केलं. बावन्नाव्या वर्षी हे धंदे!

"शुक्रवारपर्यंत खरं माणूस आणा. नाहीतर डिलीट," सर म्हणाले.

ओळखीतून एक नंबर मिळाला. गुरुवारी राजाजीनगर गाठलं. गोदाक्का, वय ऐंशीच्या पुढे, तीन पिढ्या बेंगळुरूतच, मराठीत कन्नड मिसळलेलं, घरात एकट्या.

"कुठली गं तू?"

"मिरजेची, अक्का."

"बस. स्वल्प कॉफी घे."

रेकॉर्डर लावला. अक्का दोन तास बोलल्या. गुडघे, शेजारीण, परदेशातला मुलगा. दोनदा विड्याच्या पानावर आल्या, माझा जीव वरखाली. पण जेवणाकडे काही गाडी वळेना.

"सरी, बरं, तुला काय विचारायचंय ते विचार की."

"मी विचारायचं नाही, अक्का. तुम्ही बोलायचं."

"असली कसली गं नोकरी?"

एक वाजला. मी रेकॉर्डर बंद केला, पर्समध्ये टाकला आणि चपला घातल्या. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला.

"अगं ए, निघालीस कुठं? पान घेतलंय तुझं!"

मला रडूच आलं. पण नोकरी ती नोकरी. डोळे पुसून रेकॉर्डर काढला. "अक्का, तेवढं परत म्हणा ना."

लाल दिवा बघून अक्कांनी पदर सारखा केला, घसा खाकरला आणि बातम्या दिल्यासारखं म्हणाल्या, "कृपया भोजनास बसावे."

तीनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा 'विनंती आहे' असंही जोडलं. शेवटी आम्ही दोघी पोट धरून हसलो. रेकॉर्डर बंद केला आणि मी जेवायला बसले. भात, सार, लिंबाचं लोणचं. समोर बसून कुणी 'आणखी घे' म्हणत होतं. मी तीनदा भात घेतला.

शुक्रवारी सर म्हणाले, "सॅम्पल?"

"ऐकलं, सर. माझ्या कानांनी."

"फाइल कुठाय?"

"फाइल नाही."

त्यांनी यादी उघडली. वाईट त्यांनाही वाटलं असावं. मग सहावा अर्थ डिलीट झाला.

जिना उतरेपर्यंत रेकॉर्डर बंद करू नये, एवढा धडा मी घेतला. पुढे तो काही उपयोगी पडला नाही. रविवारी राजाजीनगरला जाते तेव्हा रेकॉर्डर घरीच असतो. ट्रॅफिकमध्ये उशीर झाला, की अक्कांचा फोन येतो.

"कुठं अडकलीस गं? पान मांडून बसलेय मी."