तारमास्तर आणि एक लांबलचक पत्र

तारमास्तर बोलताना शब्द मोजायचे. उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत राहायचा, आणि वाक्य दहा शब्दांच्या पुढं जातंय असं दिसलं की मध्येच थांबून तेच वाक्य ते आखूड करून पुन्हा म्हणायचे. नाशिकच्या तारघरात उभा जन्म लोकांच्या तारा लिहून घेण्यात गेला, तिथं लागलेली ही सवय. मी पडले बडबडी. माझं सुरू झालं की त्यांचा अंगठा दोन-तीन फेऱ्या मारून थकायचा आणि मग ते नुसतं विचारायचे, "मजकूर काय?"

मी तेव्हा कॉलेज रोडला कॉम्प्युटरचा क्लास चालवत होते. निवृत्तीनंतर ते तिथं शिकायला आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि खिशाला पेन नव्हे, पेन्सिल. पहिलं मेल त्यांनी बंगळुरूच्या लेकीला पाठवलं: "शिकलो. बरा आहे. तू?" तिनं घाबरून लगेच मला फोन केला, बाबांना काही झालंय का म्हणून. मी त्यांना सांगितलं, की काका, इथं शब्दाला पैसे पडत नाहीत, हवं तेवढं लिहा. ते म्हणाले, फुकट मिळालं म्हणून कोणी जास्त जेवतं का? मी विषय बदलला, कारण मी जेवते.

मग आम्ही दोघांनी 'गोदाकाठ' नावाचा ई-ग्रुप काढला. नाशिक सोडून गेलेली माणसं त्यात जमली. पाऊसकाळात कुणी विचारायचं, पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर चढलं? रंगपंचमीच्या सुमारास कुणी विचारायचं, यंदा रहाड उघडली का, त्या रंगाच्या हौदात अजून तशाच उड्या मारतात का? तारमास्तर सगळ्यांना उत्तरं द्यायचे. "कमरेपर्यंत." "उघडली. मारतात." तारखात्यात प्रत्येक ठरीव शुभेच्छेला एक क्रमांक असायचा; वाढदिवसाला ते फक्त तो क्रमांक पाठवायचे आणि तरुण मंडळी बिचारी अर्थ विचारत बसायची. लोकांचा फार जीव होता त्यांच्यावर.

दोन वर्षं सुखात गेली, आणि मग ग्रुपवर लॉटरीची पत्रं यायला लागली. तुम्हाला परदेशात मोठं बक्षीस लागलंय, फक्त आधी थोडी फी भरा. मला हसू यायचं. पण मालेगावचे एक निवृत्त शिक्षक आमचे सभासद होते, त्यांनी ती फी भरली. मग दुसरी भरली, मग तिसरी. लेकीच्या लग्नासाठी ठेवलेलं सगळं गेलं, तेव्हा त्यांनी तारमास्तरांना फोन केला आणि विचारलं, "तुमच्या ग्रुपवर आलं होतं ना हो, मग खोटं कसं असेल?"

हे वाक्य तारमास्तरांना लागलं. तारघरातून गेलेल्या कागदावर लोक डोळे मिटून विश्वास ठेवायचे, आणि इथं त्यांच्याच दारातून असा कागद आत गेला होता. त्या दिवसापासून आलेलं प्रत्येक पत्र आधी ते पाहणार आणि मगच ते ग्रुपवर जाणार, असं त्यांनी ठरवलं. रोज सकाळी दहाला क्लासवर यायचे, पत्रांचे प्रिंट काढायचे आणि पेन्सिल घेऊन बसायचे. अडवलेलं पत्रही ते फाडत नसत. टेबलावर लोखंडी खिळ्याचं एक स्टँड होतं, तारघरातल्यासारखं, त्यात ते खोचून ठेवायचे.

खरं-खोटं ओळखायची त्यांची रीत एकच होती. रजा मिळावी म्हणून घरून खोटी तार मागवणारे त्यांनी पुष्कळ पाहिले होते. खोट्या तारेत बाप जिन्यावरून पडायचा, पाय मोडायचा, डॉक्टर काहीतरी म्हणायचा. खऱ्या तारेत 'वडील सिरियस, निघ' एवढंच असायचं. "खोट्याला पटवायचं असतं म्हणून तो लांबतो," ते मला सांगायचे. "खरं दुःख आखूड असतं." आणि तोवर ही रीत कधी चुकली नव्हती. कुठल्याशा मेलेल्या मंत्र्याच्या बायकोनं आपला खजिना सांभाळायला द्यायचं म्हणून पाच पानी पत्र पाठवलं, तर यांनी तिला उलट लिहिलं: "शोक समजला. खजिना नको. प्रकृतीस जपा." मी आठवडाभर हसत होते.

नंतर नवा प्रकार सुरू झाला. सभासदाचंच नाव घालून पत्र यायचं: मी परदेशात अडकलोय, पासपोर्ट गेला, फोन नाही, जुन्या पत्त्यावर उत्तर देऊ नका. एकाच महिन्यात अशी पाच आली. पाचही वेळा तो सभासद आपल्या घरी चहा पीत बसलेला निघाला. सहावं आलं मंगलच्या नावानं.

मंगल मूळची दिंडोरीची. लग्न होऊन आखातात गेलेली, एवढंच आम्हाला माहीत. ग्रुपवर तिनं पूर्वी एकदाच लिहिलं होतं, ते रहाडीबद्दल. हे पत्र नव्या पत्त्यावरून आलेलं, इंग्रजी अक्षरांत मराठी, चार पानं. नवऱ्यानं पासपोर्ट काढून घेतलाय, फोन नाही, जुन्या पत्त्यावर लिहू नका, तो वाचतो. तारमास्तरांनी पहिलं पान वाचलं आणि बाकीच्या पानांच्या फक्त ओळी मोजल्या. "चौऱ्याण्णव," ते म्हणाले आणि प्रिंट माझ्यापुढं सरकवला. मी वरवर नजर फिरवली. पैसे शेवटी मागितलेच असतील, असं मीच म्हणाले. हे मी इथं मुद्दाम लिहितेय, कारण नंतर त्यांनी कधीही कुणापुढं माझं नाव घेतलं नाही. पत्र खिळ्यात गेलं.

तीन आठवड्यांनी दुपारी एक माणूस क्लासच्या दारात चपला काढून उभा राहिला. कॉम्प्युटरच्या क्लासला कुणी चपला काढत नाही. मंगलचा थोरला भाऊ होता तो. त्यानं मान खाली घालून सांगितलं, की मंगल वारली. तिथल्या लोकांनी आजार सांगितला. त्याचा त्यावर विश्वास नव्हता, आणि माझाही नाही. शेजारच्या बाईनं त्याला फोनवर सांगितलं होतं, की मंगलनं तिच्या घरी बसून नाशिकच्या लोकांना पत्र लिहिलं होतं.

"ते पत्र भेटंल का, ताई?" तो म्हणाला. "तिला लिहायची लय आवड हाय."

तारमास्तर उठले, खिळ्यातून पत्र काढलं आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढं धरलं. "आलं होतं. मी अडवलं," ते म्हणाले. त्या माणसानं मान वर केली नाही, आवाजही चढवला नाही. त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्याला ती इंग्रजी अक्षरं वाचता येईनात, म्हणून त्यानं मलाच वाचायला सांगितलं.

मी वाचलं. मारहाणीचं सगळं तिनं लिहिलं होतं, पैसे मात्र कुठंच मागितले नव्हते. भावाच्या शेजारच्या दुकानातला फोन नंबर दिला होता, त्याला एवढं कळवा म्हणून. आणि तिसऱ्या पानावर, खिळ्याच्या भोकाच्या खाली, तिनं तारमास्तरांना उद्देशून लिहिलं होतं: "काका, तुम्ही मला ओळखणार नाही. मी नववीत असताना बाबा नाशिकच्या दवाखान्यात वारले. दादाला पुण्याला तार करायला मी एकटी तुमच्या खिडकीशी आले होते. रडू येत होतं, सांगता येत नव्हतं. तुम्ही म्हणालात, सगळं सांग बाळ, आधी सगळं सांग. लहान मी करतो. म्हणून आत्ताही सगळं सांगतेय."

तारमास्तरांचा हात टेबलावर होता. अंगठा हलत नव्हता. भावानं पत्राची घडी घातली, खिशात ठेवली, "येतो" म्हणाला आणि दारात चपला घालून निघून गेला. दिंडोरीच्या बसपर्यंत त्याच्यासोबत जावं, एवढंही मला सुचलं नाही.

त्यानंतर तारमास्तरांनी खिळा उचलून घरी नेला. ग्रुप मात्र सोडला नाही. मला वाटलं होतं सोडतील. उलट प्रत्येक पत्र ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचायला लागले, लॉटरीचीसुद्धा, ओठ हलवत. कुणी अडकल्याचं पत्र आलं की त्या सभासदाच्या घरी, गावी, सासरी, सापडेल तिथं फोन करायचे. बहुतेक पत्रं खोटीच निघायची आणि लोक त्यांना हसायचे. ते म्हणायचे, खोटं निघालं, बरं झालं. बोटांवर मोजणं त्यांनी टाकलं होतं, पण बोलणं काही वाढलं नाही.

असे ते अजून तीन वर्षं जगले. गेले तेव्हा ग्रुपला कळवायचं काम माझ्याकडं आलं. मी "तारमास्तर गेले" एवढं लिहिलं आणि तासभर पुढं काही लिहिता आलं नाही. त्यांना विचारायला हवं होतं, खरं दुःख किती लांब असतं.

तेराव्यानंतर त्यांची लेक मला एक पिशवी देऊन गेली. आत तारेचे जुने कोरे फॉर्म होते, पेन्सिलीनं भरलेले. प्रत्येकावर पाठवणाऱ्याचं नाव मंगल, घेणाऱ्याचं नाव तिच्या भावाचं. "मंगल संकटात, ताबडतोब" खोडलेलं. "पासपोर्ट नाही, मारहाण, आणायला ये" खोडलेलं. "दादा, मला घरी ने" खोडलेलं. लहान मी करतो म्हणाले होते ना, ते तीन वर्षं लहान करत बसले होते. मी सगळे फॉर्म एकेक करून पाहिले, एकही न गाळता. शेवटच्यावर मजकुराच्या जागी लिहिलं होतं, "कमी करता येत नाही." तेवढं खोडलेलं नव्हतं. खाली तार पोहोचल्याची वेळ लिहायची चौकट असते. ती कोरी होती.