बाळासोंच्या टाचेखालची गादी

गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर बाळासोंच्या आधी त्यांची चप्पल पोचायची. हरणी म्हैस खुंट्याला बांधून ते नळावर बादली विसळायला जात, आणि परतताना करकर, करकर असा आवाज आला की हरणी कान टवकारून पान्हा सोडी. डोळ्यांदेखत काढलेलं फेसाळ दूध उभ्यानंच प्यायला गिऱ्हाईकं पेले घेऊन तयार असत.

यंदा टाच दुखायला लागली. फरशीवर पाऊल टेकलं की बाळासोंच्या तोंडातून शिवी निघे. एकदा ती देवघरासमोर निघाली, तेव्हा पत्नी धोंडुबाईंनी त्यांना डॉक्टरकडे धाडलं.

टाचेच्या हाडाखाली चरबीची गादी असते, डॉक्टरांनी सांगितलं. बारीक बारीक कप्प्यांत घट्ट भरलेली. माणूस जन्मभर तिच्यावर आदळतो आणि ती सोसते. बाळासोंची झिजून पातळ झाली होती. आता कडक चप्पल बंद. मऊ बूट घाला, नाहीतर कट्टा सोडा.

बाळासोंनी आपल्या भरघोस पोटावर हात ठेवला. "हितली जरा खाली ढकलता येत न्हाय व्हय?"

डॉक्टर हसले. म्हणाले, ही पोटावरची नुसती बसून असते, ती टाचेखालची राबते. बाळासोंना ते मनापासून पटलं. इतकी वर्षं आपल्या पायाखाली कुणीतरी बिनबोभाट राबत होतं, याचा त्यांना अभिमानच वाटला.

बूट आले. बाळासो मांजराच्या पावलांनी म्हशीजवळ गेले. हरणीनं ओळखच दाखवली नाही. थोपटलं, आंबोण दिलं, लाडीगोडी केली. पण थेंब सुटेना. रोजचा गिऱ्हाईक कृष्णात रिकामा पेला फिरवत म्हणाला, "मामा, तिला वाटतंय सुई टोचायला डॉक्टर आलाय." सगळे हसले. बाळासोही हसले, पण घरी जाऊन जेवले नाहीत. चप्पल घातली तर टाच जाणार, बूट घातले तर कट्टा.

दुसऱ्या दिवशी धोंडुबाई पिशवीत ती चप्पल घेऊन कट्ट्यावर आल्या. नवऱ्याच्या चपलेला कधी चुकूनही पाय न लागू देणारी ही बाई, चारचौघांत ती होडीएवढी चप्पल पायात घालून नळापासून चालत निघाली. करकर, करकर. ठेका थोडा चुकत होता. हरणीनं एक कान हलवला. मग दुसरा. बाळासो खाली बसले.

बादलीत पहिली धार वाजली.

"थांबू नगंस," मान वर न करता ते म्हणाले.

"चालतीया की," धोंडुबाई म्हणाल्या. "माझी गादी शाबूत हाय अजून."