शेतातली पांढरी राख

हयग्रीव माझा थोरला भाऊ. मी त्याला अण्णा म्हणते, आणि चिडले की वाट्टेल ते म्हणते. त्याने कुंभकोणमच्या शाळेत जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं, पण घरी तोंडाला कुलूप. ते उघडायची फक्त वेदवतीवहिनी. ब्याण्णवच्या आषाढात तीही गेली. आता या तमिळ गावात हा घरची मराठी बोलणार कोणाशी, भिंतीशी?

दोघांचा उद्योग एकच. भाताचं तूस मंद आचेवर जाळायचं, पांढरी राख वाटून वाटून, फडक्यातून गाळून शेतात उधळायची. आडुतुरैच्या भात संशोधन केंद्रात अण्णाने ऐकलं होतं, तुसात वाळूतलाच पदार्थ असतो. जितका बारीक, तितका रोपाच्या अंगी लागतो. काडी कडक होते, कीड पोखरत नाही, विषारी फवारा कमी लागतो. वाटायचं काम वहिनीचं. "अहो, याहून बारीक म्हणजे नुसता वारा!" म्हणायची.

दिवसकार्य आटोपलं आणि हा एकटाच राख उधळायला लागला. झालं! नुकती बायको गेलेला माणूस शेतात पांढरी राख टाकतोय म्हटल्यावर लोकांनी काय समजायचं? अस्थी कावेरीत सोडल्या तेव्हा मी स्वतः काठावर होते. तरी गावभर झालं, मास्तरने बायकोची राख शेतात पेरली.

मार्गशीर्षात वादळ आलं. आजूबाजूची शेतं आडवी झाली, अण्णाचं भात ताठ उभं. पण कापायला कोणी येईना. मुकादम महालिंग हात जोडून म्हणाला, "सामी, बायका त्या शेतात पाय ठेवायला तयार नाहीत." इकडे दाणे गळायला लागले.

मी पापनाशमच्या माझ्या घरून तडक आले. "अरे ठोंब्या, तुसाची राख आहे म्हणून सांग ना त्यांना! जीभ झिजेल का तुझी?"

तो ओसरीवर विळ्याला धार लावत होता. धार अंगठ्याने तपासत म्हणाला, "अंबू, वेदाला जाऊन सहा महिने झाले. या गावात तिचं नाव कोणी काढतं का? काढतात ते या राखेपायीच. खरं सांगितलं की तेही बंद होईल."

मला रडू आलं आणि रागही. पदर खोचला, दुसरा विळा घेतला.

आम्ही दोघं वाकून कापत होतो. बांधावरून चाललेल्या दोघी थबकल्या, "वेदवती अम्मा..." म्हणत कुजबुजल्या. अण्णाने विळा थांबवला आणि त्या दूर जाईपर्यंत ऐकत राहिला.