बाबांचं स्टुटगार्ट ते अथेन्स

परवा संध्याकाळी बाबांना स्टुटगार्टच्या एअरपोर्टवर सोडलं आणि एस-बानच्या लोकलने घरी आले. ते ताईकडे अथेन्सला निघाले होते. सतराशे किलोमीटर, डायरेक्ट फ्लाइट, अडीच तासांचा प्रवास... यात काळजी करण्यासारखं काय आहे, असंच मला वाटत होतं.

बूटही काढले नव्हते, तेवढ्यात नाशिकहून आईचा फोन. "अगं, आज संकष्टी. ह्यांनी दुपारी फराळ केला ना?"

मी तशीच जाऊन फ्रिज उघडला. होम ऑफिसच्या गडबडीत दुपारी बाबांचं ताट वाढून मी मीटिंगला बसले होते... ते ताट जसंच्या तसं आत ठेवलेलं, वर झाकण.

सकाळचं इन्सुलिन त्यांनी माझ्यासमोर घेतलं होतं. आता उपाशीपोटी शुगर खाली जाणार, विमान नुकतंच उडालेलं आणि फोन बंद.

नाशिकला आई कॅलेंडर बघून आदल्या रात्रीच साबुदाणा भिजवते, दटावून खायला लावते. इथे संकष्टी कधी येते नि कधी जाते, पत्ताही लागत नाही. आणि बाबा स्वतःहून सांगतील तर शपथ... लेकीच्या कामात कशाला खोळंबा! कुणी दटावलं नाही, तर चंद्र दिसेपर्यंत हा माणूस तोंडात काही घालत नाही, लहानपणापासून बघतेय मी.

विमान कंपनीच्या हॉटलाइनवर बराच वेळ नुसतं संगीत. मग एक बाई आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, आल्झो, म्हणजे असं बघा, हवेतल्या प्रवाशाला निरोप देता येत नाही.

तिकिटावरच्या वेळा पाहिल्या तर साडेतीन तास! मी रडकुंडीलाच आले. "अगं, तिथलं घड्याळ एक तास पुढे आहे. अडीचच तास," निखिल, माझा नवरा, म्हणाला. अडीच'च' म्हणे...

मग मोबाइलवर फ्लाइट ट्रॅकरच्या नकाशातलं ते इवलंसं पिवळं विमान बघत बसलो. ऑस्ट्रिया, क्रोएशिया... मेलं सरकतच नव्हतं. बाबांनी सीटवर मान टाकली असेल आणि शेजारच्यांना वाटत असेल आजोबा झोपलेत... हेच चित्र डोळ्यांसमोरून हलेना. ताईला सांगितलं, साखरेचं पाणी घेऊन बाहेर उभी राहा.

विमान उतरलं. आणि बाबांचाच फोन आला.

"अगं, चंद्र विमानातूनच दिसला. चांगला लालसर." आवाज अगदी बारीक. मधे घाम सुटला होता म्हणे, हात थरथरत होते. पण विमान पूर्वेकडे चाललेलं, त्यात इतक्या उंचावर... तिथे चंद्र आमच्या आधीच वर आला. विमानात मिळालेलं चॉकलेट त्यांनी खिडकीला धरून नैवेद्य दाखवला आणि मग खाल्लं. शेजारी एक जर्मन आजी होत्या. त्यांना काय समजलं कोण जाणे, पण त्यांनी आपलंही चॉकलेट बाबांच्या हातावर ठेवलं.

फोन ठेवला आणि किचनच्या फरशीवर बसून मी भरपूर रडले. त्या आजींचं नावही मला माहीत नाही. ही पोस्ट त्यांच्यासाठी... जिथे असाल तिथे सुखात राहा.

निखिल म्हणतो, झालं गेलं, आता विसर. कसं विसरू? चंद्र अर्धा तास उशिरा उगवला असता, तर बाबा ते चॉकलेट थरथरत्या हातात धरून वाट बघत बसले असते... मी माझ्या बाबांना ओळखते.