राखाडी रकाना

"थांबा पावणं, एकदा वाचून दाखवतो," असं म्हणत चाचा चष्मा कपाळावर सारायचे आणि कॉम्प्युटरच्या पडद्याला नाक लावून समोरच्याचा अर्ज मोठ्यानं वाचायचे. त्या माणसाचं वय, शिक्षण, बायकोचं माहेर सगळ्या रांगेला कळायचं. कोणी कुरकुरलं तर म्हणायचे, "मागनं रडशिला, त्यापरास ऐकू दे की लोकास्नी."

आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं ऑनलाइन अर्ज भरायचं केंद्र होतं. मी वेबसाइट बनवतो, म्हणून कुठं अडलं की मला फोन. मी त्यांच्या निम्म्या वयाचा, तरी 'साहेब' म्हणायचे. मला ते आवडायचं.

कोल्हापुरातल्या एका मुलींच्या वसतिगृहाची प्रवेशाची वेबसाइट मीच केली होती. मुदतीच्या शेवटच्या दिवशी दुपारी चारला चाचांचा फोन आला. "साहेब, चंदगडची पोरगी हाय. तालुक्याचा रकाना राखाडी झालाय, हात लावू देत न्हाय. आन् वर म्हणतंय, तालुका भरा!"

"तुमचं नेट गंडलंय चाचा, परत करून बघा," म्हणालो आणि चहाला गेलो. पाचला मुदत संपली.

दुसऱ्या दिवशी वेबसाइट तपासून पाहिली. अर्धा अर्ज जतन करून पुन्हा उघडला की तालुका बंद व्हावा, कोणी बदलू नये, अशी सोय मी केली होती. पण असा बंद रकाना नुसता दिसतो, अर्जाबरोबर पुढे जात नाही. आणि तालुका नसेल तर अर्ज परत, हा नियमही माझाच. एका दमात भरणाऱ्यांचे अर्ज गेले. चाचा जतन करून, पुन्हा उघडून वाचणारे. त्यांचाच अडकला.

कोडमधली एक ओळ बदलून मी मोकळा झालो. वसतिगृहाच्या संस्थेला कळवलं असतं तर त्यांनी तिचा अर्ज घेतलाही असता. काम हातचं जाईल म्हणून कळवलं नाही.

संध्याकाळी चाचा त्या मुलीला आणि तिच्या वडिलांना घेऊन माझ्या दारात आले. "साहेब, माझं काय चुकलं तेवढं सांगा की."

"होतं असं कधी कधी, चाचा."

ते मुलीकडं वळले. "माझ्याच हातनं झालं, बाळ. माफ कर."

राहायची सोय नाही, म्हणून तिचं कोल्हापूरचं कॉलेज सुटलं. चाचांनी महिन्याभरात केंद्र बंद केलं. "चूक कुठं झाली त्येच कळंना, तर लोकांचं कागद हातात कसं घ्यायचं?" तेव्हाही मी खरं सांगितलं नाही.

यंदा चाचा गेले. दफनाला गेलो, तर त्यांच्या मुलानं माझा हात धरला. "अब्बा तुमचं लई नाव काढायचं, साहेब. म्हणायचं, अडल्यावर फोन उचलणारा एकच माणूस हाय."

शेजारच्या चौघांनी आदरानं माझ्याकडं पाहिलं. तुम्हाला सांगतो, एवढी लाज मला जन्मात वाटली नव्हती. तरी मी मान डोलावली.