कंसातली माणसं

स्क्रीनवरच्या एखाद्या वाक्यावर बोट ठेवून सर म्हणायचे, "हे माझं नाही. कंस करा." मग कंसात कुणाचं तरी नाव, गाव आणि पुढे 'तोंडी माहिती' असं टाकायला लावायचे.

धुळ्याच्या एका कॉलेजात ते तात्पुरते प्राध्यापक होते, घर पांझरेकाठच्या एका गावात. जळगावात मेहरूणच्या रस्त्यावर माझं कॉम्प्युटर टायपिंगचं दुकान होतं. नव्वदनंतरची वर्षं. एम.फिल.चा हातानं लिहिलेला प्रबंध घेऊन ते रविवारी एसटीनं यायचे. विषय फडांच्या पाण्याचा: बंधाऱ्याचं पाणी पाटानं शेतोशेती कसं वाटतात, कोणाची पाळी कधी. पुस्तकांत यातलं फारसं नव्हतंच. पाट सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या पाटकऱ्यांकडे बसून त्यांनी ते गोळा केलं होतं. म्हणून कंस. पानभर कंस.

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल, ज्याचं काम त्याच्या बोलण्यात उतरतं. दुकानात शिरताच सर म्हणायचे, "ऊन फार आहे, असं रिक्षावाला म्हणाला." एकदा माझ्या बायकोनं चहा दिला. घोट घेऊन म्हणाले, "साखर जास्त झाली, असं वहिनी म्हणाल्या."

"सर, तुम्हाला स्वतःला काय वाटतं?"

त्यांनी विचार केला. "मलाही जास्तच वाटली. पण आधी त्या म्हणाल्या."

ते गेल्यावर आम्ही दोघं पोट धरून हसायचो.

जूनपर्यंत एम.फिल. झालं नाही तर नोकरी जाणार, असं कॉलेजनं बजावलं होतं. प्रबंध द्यायच्या शेवटच्या दिवशी ते सकाळीच आले ते घामानं भिजून. विद्यापीठानं शब्दांची मर्यादा घातली होती, कंसातले आधार सोडून. माझ्या कॉम्प्युटरला हे 'सोडून' कळत नव्हतं. तो सरसकट सगळं मोजायचा, आणि सर मर्यादेच्या पुष्कळ वर जायचे. विद्यापीठाच्या खिडकीवरच्या क्लार्कनं सांगितलं होतं, "कॉम्प्युटरचा आकडा छापून आणा. मला तेवढाच समजतो."

"आता काय, म्हाताऱ्यांना कापू?" सर म्हणाले.

"कापायचं कशाला? एक नक्कल करू. तिच्यातले कंस काढू आणि तीच मोजू."

"काढा. काढा कंस. पण लवकर."

त्यात दुपारपर्यंत वीज नव्हती. आली तेव्हा मी दुसऱ्या फ्लॉपीवर नक्कल केली, कंस काढले, आणि आकडा मर्यादेत बसला. सरांनी माझा हात धरला. विद्यापीठाची खिडकी पाचला बंद व्हायची, म्हणून आकडा छापून लगेच प्रबंध छापायला लावला. प्रिंटर करकरत सुटला. फ्लॉपी बदलायची राहिली.

निम्मी पानं बाहेर आल्यावर माझं लक्ष गेलं. एकाही पानावर कंस नव्हता. पुन्हा सुरुवात केली असती तर खिडकी मिळाली नसती. सर दाराशी उकिडवे बसून पानं क्रमानं लावत होते, वाचण्याचं त्राण त्यांच्यात नव्हतं. आमच्या धंद्यात सगळे म्हणायचे, प्रबंध टाइप करणाऱ्यानंतर कोणी वाचत नाही. मी उरलेली पानंही तशीच छापली.

परीक्षकांनी वाचला होता. तोंडी परीक्षेत त्यांनी विचारलं, "ही माहिती आणली कुठून? आधार एकही नाही." सरांनी प्रबंध उघडून पाहिला. कंस एकही नव्हता. हे त्यांनीच मला सांगितलं, त्याच संध्याकाळी दुकानात येऊन.

"भाऊ, छापताना चुकलं, एवढी एक ओळ लेटरहेडवर लिहून द्या. गाइड म्हणतात, मग पुन्हा घेतील. नाहीतर म्हणतील, नावं मागाहून बनवली."

माझं निम्मं गिऱ्हाईक विद्यापीठाचं. असं लिहून दिल्यावर माझ्याकडे कोण आलं असतं? मी म्हणालो, "सर, कंस काढा असं तुम्हीच म्हणाला होतात."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. म्हणून तर ते अडकले. म्हणाले, "म्हणालो होतो खरा." मग अगदी हळू, "मुलींच्या शाळा आहेत हो धुळ्याला. एकच ओळ."

मी स्क्रीनकडे बघून टाइप करत राहिलो. समोर काहीही उघडलेलं नव्हतं, नुसत्याच कळा दाबत होतो. ते गेल्याचं मला चपलांच्या आवाजावरून कळलं. हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही.

दिवाळीनंतर राहवेना म्हणून त्यांच्या गावी गेलो. पाटाच्या कडेला एक म्हातारे पाटकरी पाणी फिरवत होते. सरांचं घर विचारलं.

"मास्तर सुरतले ग्या. घर बंद शे. तुम्ही कोन शेतस?"

"आबा, मी त्यांचं पुस्तक टाइप केलं."

म्हाताऱ्यानं फावडं खाली ठेवलं. "मंग मन्हं नाव शे ना त्यामा? मास्तरनी सांगेल व्हतं."

"नाव काय तुमचं?"

त्यांनी सांगितलं. ते नाव मी पानोपानी टाइप केलं होतं, आणि पानोपानी काढलंही होतं.

"आहे," मी म्हणालो.

म्हातारे वळले आणि दोन्ही हात तोंडाशी धरून पलीकडच्या शेतात ओरडले, "ओ नाना! मन्हं नाव छापेल शे!"