पार्जोनोच्या नावाचा भात

वारसितीनं सूप बाहेर काढलं की तिच्या मुलीच्या, रेत्नोच्या कपाळावर आठी पडायचीच. बांबूचं गोल सूप, कडा काळ्या पडलेल्या. जावा बेटावरच्या क्लातेनजवळच्या गावातून निघताना वारसितीनं कपड्यांच्या पिशवीआधी तेच उचललं होतं.

"आई, इथे या कॉलनीत कोण भात वाळवतं? लोक बघतात."

"बघू देत. भातच आहे, चड्ड्या नाही वाळत घातल्या."

हे ऐकून सहा वर्षांची गेंदिस एवढी हसायची की तिला उचकी लागायची. आजीला ती उती म्हणायची. शाळेतून आली की बूटसुद्धा न काढता थेट उतीच्या मांडीवर. खरं सांगायचं तर वारसिती सेमारांग शहरातल्या टेकडीवरच्या या कॉलनीत राहिली ती या मांडीवरच्या ओझ्यासाठीच. नवरा गेल्यापासून गावात एकटीच होती, एकच भाजी तीन-तीन दिवस गरम करून खायची, आणि एकदा त्यानं पोट असं बिघडलं की रेत्नो गाडी घेऊनच आली. "आता माझ्याकडेच राहायचं, विषय संपला."

पण इथलं सगळं उलटंच. फ्रिज उघडला की काहीतरी अंगावर पडायचं. एकावर एक फुकट म्हणून आणलेले सॉस, चीज, दह्याचे डबे, आणि तारीख उलटली की न उघडताच केरात. दुपारी रेत्नो कुकर भरून भात लावायची, संध्याकाळी कंटाळा आला म्हणून फोनवरून चिकन मागवायची, आणि सकाळी तो भात? केरात. वारसिती तो आधीच काढून घ्यायची, धुवायची, सुपात पसरायची. दोन उन्हं लागली की खड्यासारखा वाजायचा. मग तो भिजवून वाफवायचा, वरून खोबरं आणि मीठ. पार्जोनोला, तिच्या नवऱ्याला, ताज्या भातापेक्षा हा आवडायचा.

समोरच्या सुलास्मीबाईंचा नवरा गेला, त्याच्या चाळिसाव्या दिवशी गल्लीत घरोघर बरकतीचे डबे आले. प्रार्थनेनंतर वाटतात ते, भात, मटण, अंडं, आणि वर गेलेल्या माणसाच्या नावाची चिठ्ठी. रेत्नोनं डबा हातात तोलला. "आपला पिझ्झा आलाय. हे कोण खाणार आता?" आणि डबा गेला केरात. न उघडता.

सकाळी वारसितीनं तो बाहेर काढला. वास घेऊन बघितला, भात बरा होता. धुतला, सुपात पसरला, सूप कुंपणाच्या भिंतीवर ठेवलं. आणि नाव कसं टाकायचं म्हणून चिठ्ठी सुपाच्या कडेला खोचून ठेवली.

सुलास्मीबाई भाजी घेऊन परत येत होत्या. चिठ्ठीपाशी थांबल्या.

"हा आमच्याकडचा भात ना?"

वारसितीला वाटलं, बाईला बरं वाटेल. अगदी मनापासून वाटलं हो तिला. "तुमच्याकडचाच. केरात गेला होता, मी काढला. आता एक शीतही वाया नाही जायचं."

"केरात," सुलास्मीबाई म्हणाल्या. तेवढंच. चिठ्ठी काढून घेतली, ओढणीनं पुसली आणि गेल्या.

संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला कळलं. रेत्नो रडून रडून सुजली. "मला या गल्लीत तोंड दाखवायचं आहे की नाही? आई, पुन्हा केराला हात लावलास तर तुला गावी नेऊन सोडीन. खरंच सोडीन."

गेंदिस दाराआडून बघत होती. वारसिती म्हणाली, "नाही लावणार." सूप वॉशिंग मशीनच्या मागे गेलं.

मग पार्जोनोचा हजारावा दिवस आला. हा शेवटचा मोठा विधी, यानंतर माणूस खऱ्या अर्थानं निघून जातो. वारसितीला स्वतःच्या हातानं रांधायचं होतं.

"पन्नास घरांचं तू करणार? केटरिंगला सांगितलंय मी. प्रत्येक घरी दोन डबे."

"एका घरात दोन कोण खाईल गं?"

"खाण्याचं सोड. या वेळी कोणी नावं ठेवायला नकोत."

डबे छान होते, खोटं कशाला बोला. चिठ्ठीवर पार्जोनोचा फोटोसुद्धा होता, टोपी घातलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारसिती अंगण झाडायला बाहेर आली. कचऱ्याची गाडी यायची होती. मांजरांनी शेजारच्या घराची काळी पिशवी फाडली होती आणि फाटक्या पिशवीतून पार्जोनो बघत होता. गालावर रस्सा. पुढच्या दाराशी दोन डबे, रबरसुद्धा न काढलेले. त्याच्या पुढच्याही दाराशी. कोणी रागानं टाकलं नव्हतं. रेत्नोनं टाकला होता तसंच, सहज.

चाळीस वर्षं त्या माणसानं गिरणीत तांदळाची पोती वाहिली. मान कायमची वाकली. घरी आला की सदरा झटकायचा आणि पडलेले दाणे एकेक करून वेचायचा.

वर खोलीत गेंदिस अजून झोपली होती. वारसितीनं एकदा त्या खिडकीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग आत गेली आणि सूप घेऊन आली.

रेत्नो बाहेर आली तेव्हा निम्मी गल्ली दारात उभी होती.

"आई. सगळे बघतायत."

"तुझ्या बापाचं आहे हे."

"मी सांगितलं होतं ना तुला?"

"सांगितलं होतंस," वारसिती म्हणाली आणि पुढच्या पिशवीची गाठ सोडली.

रेत्नो ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. खाली वाकून तिनं एक चिठ्ठी उचलली, फोटोवरचा रस्सा अंगठ्यानं पुसला, आईच्या हातात दिली. मग आत जाऊन उद्याच्या बसचं तिकीट काढलं.

निघताना गेंदिस पदराला लोंबकळली. "उती, टाकलेला भात रडतो ना? तू म्हणाली होतीस. मग तो ऐकू का नाही आला मला?"

वारसितीनं नुसतं तिचं नाक पुसलं.

धुतलेला भात अजून ओला होता. पिशवीत कोंबला तर आंबला असता, म्हणून तिनं सूप मांडीवर घेतलं, गेंदिस बसायची तिथेच, उघडंच, खिडकीच्या उन्हात. बस जवळजवळ रिकामी.

"मावशी, बदकांना का?" कंडक्टरनं विचारलं.

"नाही. मला."

तो पुढे गेला. घाट उतरल्यावर रस्ता वळला आणि ऊन पलीकडच्या बाजूला गेलं. वारसिती उठली, सूप छातीशी धरलं आणि पलीकडच्या सीटवर जाऊन बसली.